छान झालंय म्हटलं आणि भाचा रुसला

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ल्याचा. भजनात पेटी वाजवतो, डबलबारीलाही, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, बसतो. माझा भाचा रत्नागिरीत नोकरीला आहे, त्याने लॅपटॉपवर ऑर्केस्ट्राची साडेनऊ मिनिटांची रचना केलीय, नाव 'आगोट', म्हणजे पावसाळ्याची सुरुवात. बासरी आणि दोन व्हायोलिन खरी आहेत, मृदंग आमच्या मंडळातला, तो इथल्या शाळेच्या हॉलमध्ये रेकॉर्ड केला, बाकी सगळं लॅपटॉपमधलं. मला पाठवून म्हणाला मामा खरं सांगा. मी लिहिलं 'छान झालंय, असाच पुढे जा'. तर 'तुम्ही ऐकलंच नाहीत' असा मेसेज आला आणि तेव्हापासून फोन बंद. अहो ऐकलं मी. पहिला मिनिटभर काही ऐकूच आलं नाही, मग बासरी गोड वाटली, मग मध्येच फिल्मी झालं, मग कानठळ्या, आणि शेवट नक्की कुठला ते कळलंच नाही. मृदंगाचा सूर पण खटकला पण ते रेकॉर्डिंगमुळे असेल म्हणून गप्प बसलो. मला सिंफनीतलं ओ की ठो कळत नाही, मी काय सांगणार? त्यात बहीण म्हणते त्याला जरा समजाव, बँकेच्या परीक्षेला बस म्हणावं. तुम्हाला ऐकवू का असं त्याला विचारलं तर 'पाठवा, त्या तरी ऐकतील' म्हणाला आणि स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची नोटेशनची पानं, पण दिला. दोन्ही पाठवतोय.
– एक मामा

उत्तर:

मामा, नमस्कार. 'त्या तरी ऐकतील' वाचून हसले, पण ऐकलं हो, स्कोअर समोर ठेवून परत परत ऐकलं. आणि सगळ्यात आधी हे सांगते की तुम्हाला ओ की ठो कळत नाही हे साफ खोटं आहे. पत्रात तुम्ही ज्या तक्रारी केल्यात ना, त्या सगळ्या बरोबर आहेत, फक्त पत्ता चुकलाय. त्या मला लिहिल्यात आणि त्याला 'छान' लिहिलंत.

आता तो का चिडला ते बघा. नोकरी करून रात्री जागून पोराने एवढं केलं, पंचवीस-तीस वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिल्या, आणि हातात काय आलं तर 'छान झालंय'. 'छान' आपण कुणाच्या घरातल्या नव्या पडद्यांनाही म्हणतो. त्यातून त्याला एवढंच कळतं की मामाने फाइल उघडली असावी, किंवा नसावी. त्याऐवजी तुम्ही नुसतं '१ मिनिट १२ सेकंदाला बासरी सुरू होते तिथे मी हातातलं काम ठेवलं' असं लिहिलं असतंत ना, तर त्याला कळलं असतं की मामा बसून ऐकतायत. स्तुती असो की टीका, सेकंद लिहा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आणि ऐकायचं कशावर, ते आधी. मला खात्री आहे तुम्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंत. सुरुवातीचा मिनिटभर त्याने चेलो आणि डबल बास या व्हायोलिनच्या थोरल्या भावंडांचा खर्ज ठेवलाय, सा आणि प नुसते धरून ठेवलेत, खाली टिंपनीचा, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या नगाऱ्याचा, बारीक गडगडाट. डबल बासची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, चेलोची ६५ला, आणि मोबाइलचा तो चिमुकला स्पीकर एवढं खालचं काढूच शकत नाही, त्यामुळे तुम्हाला शांतता ऐकू आली. बरा हेडफोन लावा, कुणाचा तरी मागून आणा, आणि मग ऐका, आगोटीच्या आधीची ती कोंदट दुपार तिथे खरंच आहे. पण हेही त्याला जरूर सांगा की 'मोबाइलवर मला पहिलं मिनिट ऐकू आलं नाही', कारण त्याला ऐकणाऱ्या शंभरातले बहुतेक लोक मोबाइलवरच ऐकणार आहेत आणि त्या खर्जाच्या जोडीला वर एखादा बारीक धागा, व्हायोलाचा म्हणा, ठेवायचा की नाही हे त्याने ठरवावं. ठरवायचं त्यानेच हां, तुम्ही नाही. तुम्ही काय ऐकू आलं आणि काय नाही तेवढं सांगा, इलाज सुचवायची घाई करू नका. अहो आपण इलाज सांगायला लागलो की हळूहळू तो आपला पीस व्हायला लागतो, आणि मग पोरगं एक तर हट्टाला पेटतं नाहीतर सगळं आपल्या मनासारखं बदलून टाकतं. दोन्ही वाईट, दुसरं जास्त वाईट.

मग मी खाली इतकी कारणं का सांगतेय? ती त्याच्यासाठी. तुम्ही ती पाठ करून त्याच्यावर फेकू नका म्हणजे झालं, हे उत्तर सरळ त्याला वाचायला द्या.

१:१२ची बासरी. बासरी म्हणजे इथे आपली बांबूची नाही, चाव्यांची पाश्चात्य फ्लूट. चाल भूप रागाची, आणि काय सुंदर आहे! प ध सां करत वर जाते, वाटतं आता वर थांबणार, तर न थांबता सां ध प ग उतरते, आणि चेलो तीच ओळ दोन मात्रा मागून उचलतात, बुवांच्या मागे कोरस उचलतो ना तशी. अख्ख्या पिसातली ही सगळ्यात चांगली जागा, आणि हे त्याला आधी सांगा, सेकंदासकट. फक्त १:३८ला बासरीवाल्याने ओळीच्या मधोमध श्वास घेतलाय तो ऐकू येतो. त्याला बोल लावू नका, त्या मुलाची चूक नाहीच. स्कोअरमध्ये १:१२पासून २:१५पर्यंत एकही विश्रांती नाही, तासभर पोहणाऱ्याला पण जमणार नाही. लॅपटॉपमधल्या बासरीला फुप्फुसं नसतात, त्यामुळे लिहिताना हे लक्षात येत नाही. भाच्याने आपली प्रत्येक फुंकवाद्याची ओळ स्वतः गाऊन बघावी, जिथे दम लागेल तिथे वादकालाही लागेल.

आता 'मध्येच फिल्मी झालं'. तुम्ही हे कसं पकडलंत मला माहीत नाही पण शाब्बास, अगदी नेमकं आहे, ते २:२०ला होतं. तिथपर्यंत खाली नुसते सा-प होते, आणि वर भूप. सा रे ग प ध, म आणि नी नाहीत. २:२०ला त्याने त्याच चालीखाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-तीन सूर, घातल्या. हार्मनी शिकलेला कोणीही जे करेल तेच केलं, म वर एक कॉर्ड, प वर एक कॉर्ड. पण मवरची कॉर्ड म्हणजे म ध सा, त्यात म आला, पवरची म्हणजे प नी रे, त्यात नी आला. बासरी बिचारी वर भूपच वाजवतेय पण खाली व्हायोला आणि हॉर्न म-नी लावत बसलेत, आणि आपल्या कानाला ते लगेच कळतं, नाव सांगता आलं नाही तरी. तुम्ही पेटीवर स्वतः करून बघा, डाव्या हाताने म ध सा धरा आणि उजव्याने भूप वाजवा.

भूपाच्या पाच सुरांत बसणाऱ्या साध्या तीन सुरी कॉर्ड दोनच होतात, सा ग प आणि ध सा ग. त्यावर साडेनऊ मिनिटं काढणं कठीण, मान्य. पण मग कॉर्ड बदलत राहण्यावरच का जायचं? सुरुवातीचा खर्ज आहे, चेलोने मागून उचललेली ओळ आहे, तीच तिसऱ्या वाद्याला अजून उशिरा देता येते, एकच चाल दोन वाद्यं जराशी वेगवेगळी वाजवतात तसं करता येतं. किंवा म आणि नी मुद्दाम आणायचे असतील तर खुशाल आणावेत, राग मोडायला बंदी थोडीच आहे, पण मग मोडलाय हे ऐकणाऱ्याला कळू दे, तो चोरून नको. तुम्ही त्याला एवढंच विचारा की २:२०ला भूप सोडायचा होता का तुला? उत्तर 'हो' असेल तर एक चर्चा, 'नाही' असेल तर दुसरी.

आणि हे राग-ऑर्केस्ट्राचं खूळ त्याचं एकट्याचं नाही हो. आपल्याच किनाऱ्यावरचे, गोव्यात मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, मुंबईच्या सिनेमात व्हायोलिन वाजवणारे आणि अरेंजर, त्यांनी १९५८ साली मुंबईत स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला होता, आपलं रागसंगीत आणि पाश्चात्य वाद्यवृंद एकत्र आणायचं म्हणून. भाच्याला हे माहीत नसेल तर सांगा, पोरांना वाटतं आपणच पहिले.

३:०५, म्हणजे कानठळ्या. इथे सगळे वाजतात, अक्षरशः सगळे, स्कोअरचं पान काळंकुट्ट आहे. चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन ही दणदणीत पितळी वाद्यं, व्हायोलिनांचा ताफा, आणि चाल कुणाकडे? एकट्या फ्लूटकडे, तीही फ्लूटच्या सगळ्यात खालच्या सप्तकात, जिथे फ्लूटचा आवाज मऊ आणि बारीक असतो. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचा एक ठोकताळा आहे, जोरात वाजत असताना एका ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोनच्या तोडीला दोन हॉर्न लागतात आणि एका हॉर्नच्या तोडीला दोन फ्लूट. हिशेब करा, चार हॉर्नना आठ फ्लूट, तीन ट्रॉम्बोनना बारा. वीस फ्लूटवाले! वेंगुर्ल्यात काय, मुंबईत पण एका वेळी मिळायची मारामार. हळू वाजताना हा फरक जवळपास राहत नाही, पण याने तर तिथे सगळ्यांना जोरात लिहिलंय.

मग त्याने काय केलं, ३:४०च्या आसपास फ्लूटचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, वर ढकलला. ते कळतं लगेच, कारण फ्लूटवाल्याच्या फुंकीचा फुसफुस आवाज तीन ट्रॉम्बोनपेक्षा मोठा ऐकू येतो, जगात कुठल्याही हॉलमध्ये असं होणार नाही. बहुतेक लोक याला 'मिक्सिंग कच्चं आहे' म्हणतील आणि तो आठवडाभर फेडर खालीवर करत बसेल. मिक्सिंगचा दोष नाही तो, लिहिण्यातला आहे. चाल ट्रम्पेटला द्या, नाहीतर फ्लूट एक सप्तक वर न्या, नाहीतर बाकीच्यांना गप्प करा. माझं मत विचाराल तर गप्प करा. हौशी लोकांच्या ऑर्केस्ट्राच्या रचनांमध्ये हा सगळ्यात नेहमीचा रोग, लॅपटॉपमध्ये पंचवीस ट्रॅक आहेत म्हणजे पंचवीस वाजलेच पाहिजेत. डबलबारीत पखवाज बुवांवर चढला की तुम्ही पेटीवरून डोळे वटारता की नाही? तोच कान इथे लावायचा. त्याला लिहाल तेव्हा आपलं मालवणीतच लिहा, 'तीन पाचाक माका तुझी बासरी गावली नाय, खंय गेली?' बास. चिडणार नाही.

इथेच एक प्रश्न त्याला विचारून घ्या, खरं तर सगळ्याच्या आधी विचारायला हवा: हे शेवटी काय व्हायचंय? लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग हेच अंतिम, की कधीतरी खऱ्या वादकांनी वाजवावं अशी इच्छा आहे? लॅपटॉपवरच राहणार असेल तर फुसफुस कमी केली, फेडर नीट लावला की भागतं. वादकांसमोर ठेवायचं असेल तर फेडर विसरायचा आणि पान दुरुस्त करायचं. वेंगुर्ल्यात आला की पणजी जवळ, कला अकादमीत पाश्चात्य संगीत शिकवतात, तिथे कुणाला तरी गाठून फ्लूटचं आणि हॉर्नचं एकेक पान फक्त दाखवावं, 'हे वाजेल का' म्हणून. वादक पाच मिनिटांत सांगतात. आणि मुंबईला गेला की एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकून यावं, २००६पासून आहे तो, त्याआधी असं कायमचं काही फारसं नव्हतंच आपल्याकडे. लॅपटॉपमधल्या तयार आवाजांत प्रत्येक वाद्य कानाशी वाजतं, खऱ्या हॉलमध्ये ट्रॉम्बोन मागे बसतात आणि तरीही छातीत वाजतात, ते एकदा अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही.

व्हायोलिनचं थोडक्यात. दोन खरी व्हायोलिनं माइकच्या अगदी जवळ, कोरडी रेकॉर्ड झालीत, आणि लॅपटॉपमधल्या व्हायोलिनांमध्ये मोठ्या हॉलची घुमक आधीच भरलेली आहे. त्यामुळे दोन पोरं आपल्या मांडीवर बसून वाजवतायत आणि बाकीचा ताफा बंदरावर उभा आहे असं वाटतं. माइक दोन-तीन मीटर मागे न्यायचा, आणि सगळ्यांना एकच रिव्हर्ब, म्हणजे एकाच हॉलची घुमक, द्यायचा.

आता मृदंग, आणि इथे मला तुमचा जरा राग आलाय. ५:५०पासून ७:०२पर्यंत नुसता मृदंग आणि मागे कौलांवरचा पाऊस, जांभ्याच्या भिंतींचा तो हॉल, सगळं थांबून फक्त तेवढंच. धाडसी आहे, मला फार आवडलं. आणि याच जागेबद्दल तुम्ही 'सूर खटकला पण रेकॉर्डिंगमुळे असेल' म्हणून गप्प बसलात! रेकॉर्डिंगमुळे नाही. रचनेचा सा पेटीच्या पांढरी दोन पट्टीवर आहे आणि मृदंग काळी एकला लागलाय, अर्धा सूर खाली. पावसाळी हवेत पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओलसर होऊन उतरली असेल, किंवा तुमच्या भजनाचा नेहमीचा सूर काळी एक असेल आणि कुणी विचारलंच नसेल. मृदंग एकटा असतो तोवर चालून जातं पण ७:०२ला खालून चेलोचा सा येतो आणि दोन्ही एकमेकांवर घासतात. अख्ख्या पिसात ही एक गोष्ट अशी होती जी तुमच्याइतकी चटकन दुसऱ्या कुणाला कळली नसती, व्हायोलिनवाल्यांना नाही, भाच्यालाही नाही कळली. तेवढीच तुम्ही गिळलीत. जे खटकलं ते खटकलं म्हणून सांगायचं, कारण चुकलं तरी चालतं. 'का ते माहीत नाही पण इथे मला अवघडल्यासारखं झालं' हा उत्तम फीडबॅक आहे.

त्याच जागी दोन गोष्टी खऱ्याच रेकॉर्डिंगच्या. ६:४८ला डग्ग्याच्या बाजूची थाप फाटलीय, लेव्हल वर गेली म्हणून. फाटलेलं मागाहून नीट होत नाही, परत घ्यावं लागतं, २४ बिटवर घ्यायचं आणि सगळ्यात जोरदार थाप सुद्धा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असं आधीच बघायचं. आणि पाऊस. ७:०२ला मृदंगाचा ट्रॅक संपतो तसा पाऊस पण कापल्यासारखा बंद होतो, आभाळाचा नळ कुणी फिरवला असं. पुढच्या वेळी मृदंग थांबल्यावर सगळ्यांनी श्वास रोखून मिनिटभर नुसता रिकामा हॉल रेकॉर्ड करायचा, आणि तो पाऊस चेलोखाली हळूहळू विरवायचा.

शेवटाचं तुम्ही म्हणता ते खरं, तीन शेवट आहेत, ८:१०, ८:५० आणि ९:२५. झांज वाजते, वाटतं संपलं, परत सुरू. तुम्हाला टाळी कुठे वाजवावीशी वाटली ते सांगा. मला ८:१०ला वाटली होती.

हे सगळं एकदम सांगू नका, माझं उत्तर लांबलंय तेवढं पुरे. एका बैठकीत फार तर तीन गोष्टी. आणि जमलं तर फोनवर, लिहून नको, लिहिलेलं वाचताना माणूस त्यात नसलेला टोमणा पण वाचतो.

राहिली बँकेची परीक्षा. ती तुमच्या बहिणीला सांगायची असेल तर बहिणीने सांगावी, तुम्हाला सांगायची असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या फोनवर. हॉर्नबद्दल बोलता बोलता मध्येच 'तसं पोटापाण्याचं पण बघायला हवं रे' आलं ना, की हॉर्नबद्दलचं सगळं बोलणं त्याला त्या वाक्याची प्रस्तावना वाटणार.

तर पहिला मेसेज मृदंगाचा करा. 'सूर अर्धा उतरलाय, मला तेव्हाच खटकलं होतं, परत घेऊया' असा. लॅपटॉपमध्ये अर्धा सूर वर खेचता येतो पण फाटलेली थाप तशीच राहील, त्यापेक्षा सरळ परत घ्या, तुम्ही पेटीवर पांढरी दोन धरून बसा आणि मृदंगवाल्याकडून गठ्ठे ठोकून सूर चढवून घ्या. पाऊस आहे तोवरच करा, कोरड्यात केलंत तर कौलं गप्प. हॉलची चावी मागायला तुम्हालाच जावं लागणार, आणि रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी तेवढा पंखा बंद करा, ५:५२ला तो कुरकुरतोय.